कारकून शेजारणीला फोन करतो

"पागोनाबाई, पत्र कोण पाठवतं?"

"मी."

"'मी' नको. हुद्दा सांगा. प्रसंगात माणसाचं नाव लिहीत नाहीत."

"मग कारकून लिही. पण पोरी, कारकून पत्र पाठवतच नाही!"

रोदांथीचा लिहिता हात थांबला. नगरपालिकेच्या दफनभूमीचं काम संगणकावर जायचं होतं. त्यासाठी कोण, काय, कोणत्या क्रमानं करतं याचे प्रसंग ती पायरी-पायरीनं लिहून घेत होती. दफनभूमीत जागा कमी, म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे तीन वर्षं भरली की थडगं उघडायचं, अस्थी वाइननं धुऊन पेटीत ठेवायच्या, आणि त्याआधी घरच्यांना कळवायचं. तिच्या कंपनीच्या मसुद्यात हे एका ओळीत होतं: मुदत संपताच यंत्रणा पत्र पाठवते. पागोनाबाईंनी सही केली असती, तर पुढं कायम तसंच होणार होतं. आणि दफनभूमीच्या कारकून म्हणून एकतीस वर्षं काढून शुक्रवारी त्या निवृत्त होत होत्या.

"मुलगा गेलेल्या एकट्या आईच्या हातात असलं पत्र पडू द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "आधी शेजारणीला फोन. ती आईपाशी जाऊन बसली, की मग आईला."

"आमचे साहेब म्हणतात, एवढे फाटे नकोत."

"त्यांना म्हणावं, या इथं, आणि आई पत्र फोडेल तेव्हा बसा तिच्या शेजारी. मी यावाचून सही करायची नाही."

रोदांथी हसली. "सही तुमची. तुम्ही मान्य कराल तेच आम्हाला करावं लागतं. बरं, शेजारीण नसेल तर?"

"पाद्रीबाबा."

"तेही नसतील?"

"मग मी जाते... कारकून गं, कारकून! कारकून जातो. चालत."

"चालत कशाला लिहायचं?"

"दारात गाडी थांबली की बाई घाबरते. लिही."

रोदांथीनं लिहिलं. मग आपणहूनच हळू आवाजात विचारलं, "आणि अस्थी सुट्या झाल्या नसतील तर?"

"आता कशी शिकलीस! तर माती परत लोटायची आणि आईला सांगायचं, जमीन ओली होती. मेलेल्याच्या पापानं असं होतं, असलं काही कुणी तोंडातून काढायचं नाही."

नऊ पायऱ्या झाल्या. पागोनाबाईंनी त्या चष्मा पुसून दोनदा वाचल्या. आपलं नाव कुठंच नव्हतं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण आधी याच्याकडून करून घे."

याच्याकडून म्हणजे स्टेर्गिओसकडून. त्यांच्या जागी पाणीखात्यातून आलेला हा धिप्पाड माणूस नळाच्या तक्रारींवर ओरडून ओरडून मोठ्यानंच बोलायला लागलेला होता. कालिरोई नावाच्या बाईच्या मुलाला याच आठवड्यात तीन वर्षं भरत होती. स्टेर्गिओसनं कागद समोर धरला, बोटानं ओळ पकडली आणि शेजारणीला फोन लावला. पंधरा मिनिटं थांबला. मग दुसरा.

"कालिरोईबाई? शेजारीण आलीय ना तुमच्याकडे? हं... तुम्ही आधी बसा बघू."

एवढा मोठा आवाज, पण आपोआप खाली आला होता.

पागोनाबाईंचा हात सवयीनं फोनकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला, कागदाची दुसरी प्रत पुढं ओढली आणि सही केली.