कमी केलेले पंधरा हजार

शहादेव नेकनूरच्या बाजारात बैलांची दलाली करायचा. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून भाव पाडायचा, हेच त्याने तीस वर्षं केलं. बैल घेताना तो दात बघायचा, खूर उचलून बघायचा, मालकाच्या गावी माणूस पाठवून जनावर मारकं आहे का तेही काढायचा. बायको सत्यशीला गेल्यापासून आठ महिने मात्र तो बाजाराकडे फिरकला नव्हता.

त्या सकाळी त्याचा मेव्हणा विलास चौसाळ्याहून आला. सोबत मुलगी आम्रपाली; आत्याच्या नवऱ्याला ती मामाच म्हणायची. तिचा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला होता. तो लहानपणी शिवला, पण नाक एका अंगाला बसलं ते बसलंच. आता ती शाळेवर शिकवत होती आणि स्वतःच्या पगारातून नाक सरळ करून घेणार होती.

"दाजी, एक डॉक्टर बघितलाय. नव्वद हजार म्हणतोय," विलास म्हणाला. "तुमी चला. भाव पाडायला तुमच्यासारखा माणूस न्हाई."

"मामा गेले तर डॉक्टरच उलटे पैसे देऊन पाठवील," आम्रपाली हसत म्हणाली.

शहादेव हसला नाही. "काय शिकलाय त्यो?"

"बोर्डावर लई अक्षरं हायेत की. मोबाइलवर फोटो बी हायेत, आधीचे अन् नंतरचे."

असेच फोटो सत्यशीलानेही दाखवले होते. स्टोव्हच्या भडक्यात तिची मान भाजली होती, कातडी आवळून हनुवटी खाली ओढली गेली होती. एकोणीस वर्षं ती पदर गळ्याशी धरून वावरली. सुनिताच्या, म्हणजे लेकीच्या लग्नात फोटोला नीट उभं राहायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तिच्या त्या डॉक्टरने तेव्हा सत्तर हजार सांगितले होते. शहादेव दोनदा उठून दारापर्यंत गेला, दोनदा परत येऊन बसला. शेवटी डॉक्टर म्हणाला, "भूल द्यायला बाहेरून डॉक्टर येतात, त्यांचे पंधरा हजार. ते नको असतील तर भूल मीच देतो." शहादेवने लगेच हो म्हटलं. एसटीत तो बायकोला म्हणाला, "बघ, बसल्या जागी पंधरा वाचवले." तिने कंडक्टरलाही ते सांगितलं होतं.

ऑपरेशन चालू असताना तिचा श्वास थांबला. डॉक्टर कापण्यात गुंतला होता आणि श्वासाकडे बघणारं तिथे कुणी नव्हतं. त्याची पदवी शस्त्रक्रियेची नव्हतीच, हे शहादेवला नंतर कळलं. तरी त्याने तक्रार केली नाही. केली असती तर पंधरा हजारांची गोष्ट बाहेर आली असती. सगळ्यांना त्याने सांगितलं, हार्ट अटॅक आला.

"दाजी, येताय न्हवं?" विलासने विचारलं.

येत नाही म्हणणं सोपं होतं. पण मग हे दोघंच गेले असते, आणि घासाघीस विलासलाही येत होती.

"तुझ्या बहिणीला अटॅक आला नव्हता, विलास," शहादेव म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं. अडखळला, पण एसटीतलं बोलणंही त्याने गाळलं नाही.

"पंधरा हजारासाठी?" विलास म्हणाला. "मला मागायचे ना."

"पैसे होते माझ्याकडं. नड न्हवती. सवय होती."

विलास उठला आणि चपला घालायला दाराशी गेला. "चल गं."

आम्रपाली उठली नाही. "मामा, मग काय काय इचारायचं?"

"आधी डिग्री कशाची ते. मग नोंदणीचा नंबर घे अन् मेडिकल कौन्सिलात खरा हाय का बघ. भूल कोण देणार, त्याचं नाव काय. श्वास अडकला तर काय सोय हाय. पैशात काय काय धरलंय ते लिहून घे. अन् कमी करतो म्हणाला तर इचार, काय काढून टाकणार?"

ती मोबाइलमध्ये लिहीत होती. लिहिता लिहिता थांबली.

"आत्याचा तो डॉक्टर अजून बसतो?"

"बसतो. रांग असती."

दारातून विलास बोलला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. "तक्रार लिहा, दाजी. पंधरा हजारांसकट लिहा."

शहादेवने मान डोलावली. आम्रपालीने पिशवीतून वही काढली आणि कोरं पान त्याच्यापुढे सरकवलं. विलास उंबऱ्यावर बसला, चपला पायातच ठेवून.