खडूची व्हॅन

"भिंतीतून नको येऊस, श्टेफ्का. दार मागे आहे."

व्हिंको अंगणात गुडघे टेकून बसला होता. शेजारची श्टेफ्का अंजिरांची टोपली घेऊन आली होती, ती खडूच्या रेघेवर एक पाय उचलून तशीच थांबली. मग मुकाट्याने वळसा घालून मागे गेली, हवेतच एक दार उघडलं आणि आत आली.

"ऐसपैस आहे की," ती म्हणाली. "झोपायचं कुठे?"

"डावीकडे गादी. उजवीकडे दोन्ही सायकली. चाकं काढायची नाहीत, आधीच सांगून ठेवतो."

"आणि नेवेन्का?"

"नेवेन्का गादीवर. तिच्यातून उरेल त्या जागेत मी."

नेवेन्का म्हणजे मी. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पातेली घासली आणि पोरांना वाढलं, आता निवृत्त आहे. माझा नवरा व्हिंको लोकांच्या घरात लाकडी जमिनी बसवायचा. त्याची एक पद्धत होती. पहिली पट्टी कापण्याआधी तो सगळी जमीन खऱ्या मापाने खडूने आखून घ्यायचा, मग त्या रेघांमध्ये दिवसभर फिरायचा. लोक हसायचे. पण त्याने बसवलेल्या जमिनीत नख शिरेल एवढीसुद्धा फट कधी राहिली नाही. त्यामुळे व्हॅन घ्यायचं ठरलं, तेव्हा तीही अंगणातच आखली जाणार हे मला ठाऊकच होतं.

तीन आखल्या. पहिली उंच, आत सरळ उभं राहता येईल अशी. पण आमच्या बाजाराच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ती शिरणार नव्हती. "दर गुरुवारी भाजीसाठी काय डोंगरावर गाडी लावू?" मी विचारलं, आणि ती पुसली गेली. दुसरी आटोपशीर, रोजच्या वापराला झकास, पण सायकलींची पुढची चाकं काढावी लागणार होती. व्हिंकोने ते ऐकून घेतलं नाही. राहिली तिसरी. वर कार्स्टच्या खडकाळ पठारावर जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे ती उभी होती, आठ वर्षं वापरलेली, राखाडी.

संध्याकाळी आम्ही दोघं त्या तिसरीत बसायचो, जमिनीवरच. अंगणातल्या लिंडनच्या झाडाची पिवळी पानं छपराची पर्वा न करता आत पडायची. "आज मुक्काम कुठे?" तो विचारायचा. मी म्हणायची, नदीकाठी. कधी म्हणायची, समुद्रावर, पाइनच्या झाडांखाली. खरं सांगते, अशा वेळी मला अंगण खालून हळूहळू सरकतंय असं वाटायचं, शेजारची द्राक्षांची रांग मागे मागे जायची, आणि मी डोळे मिटायची. तंबूत जमिनीवर झोपण्याचं आमचं वय गेलं होतं. व्हॅन आली तरच सायकली घेऊन पुन्हा बाहेर पडणं होतं.

पण चालवणार कोण? मी आमची छोटी गाडी बाजारापर्यंत नेते, बस्स. लांबचं सगळं व्हिंकोने चालवलं. पुढच्या महिन्यात त्याला परवान्याचं नूतनीकरण करायचं होतं, त्यासाठी डॉक्टरांपुढे बसावं लागणार होतं. वसंतापासून तो पेपर वाचताना मान तिरकी करत होता. मी विचारलं, तर म्हणाला, मान अवघडलीय. मीही पुढे विचारलं नाही. भित्रेपणाच तो, माझा आणि त्याचाही.

श्टेफ्का अंजिरं देऊन गेली त्या दिवशी दुपारी तो गादी घेऊन तिसऱ्या व्हॅनमध्ये आडवा झाला आणि त्याची पावलं रेघेबाहेर गेली.

"संपलं," तो उठून बसत म्हणाला. "हिच्यात माझे पाय रस्त्यावर. उगाच आठवडा घालवला."

जेवून तो झोपला. मी माहितीचा कागद आणि टेप घेऊन बाहेर आले. कागदावर आतली लांबी दोन मीटर दहा होती. त्याने आखली होती एक ऐंशी. बाजूची रेघ तर मध्येच तळहातभर आत सरकली होती. ज्या माणसाने आयुष्यात वाकडी रेघ मारली नाही, त्याची रेघ अशी. मी तिथेच बसले आणि रडले, अगदी पोटातून. मग बादली आणली, ब्रशने रेघा घासून काढल्या, आणि श्टेफ्का खिडकीत यायच्या आत नव्याने आखल्या.

तो उठला, बाहेर आला. पायाच्या अंगठ्याने रेघ चाचपत कडेकडेने एक फेरी मारली. कोपऱ्यावर थांबला.

"अंगण धुतलंस?"

"पानं फार झाली होती."

"बरं केलंस," तो म्हणाला. "उद्या वर जाऊन बघून येऊ तिला."

दुसऱ्या दिवशी आमच्या छोट्या गाडीच्या मागे सायकली बांधून आम्ही निघालो. "तू घे चालवायला," व्हिंको म्हणाला, "माझी मान." मी घेतली.

गाडीवाला आलेश तिशीचा, बोलका. "काका, सायकली घेऊन आलात? लोक टायरला लाथ मारून बघतात, तुम्ही तर सामानच हलवलंत." दोन्ही सायकली चाकांसकट आत गेल्या. गादीच्या जागी आम्ही तसेच पत्र्यावर आडवे झालो. मागची दारं उघडी होती. बाहेर दगडी कुंपण, त्यावर लाल झालेली झुडपं, आणि एक ढग अगदी सावकाश एका दारातून दुसऱ्या दारात चालला होता. व्हिंकोचे पाय पुरले. त्याचा हात माझ्या हातावर होता, आणि आलेश पुन्हा येईपर्यंत आम्ही किती वेळ पडून होतो ते मला सांगता येणार नाही.

"चालवून बघा," आलेशने किल्ली व्हिंकोपुढे धरली.

"बाईंना द्या," व्हिंको म्हणाला. "चालवणार त्या आहेत."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो सीटखाली हात घालून खटका शोधत होता. माझे पाय पेडलला पोचतील इतकी त्याने सीट पुढे ओढली, दोनदा तपासली. मग बॉनेटवर हात टेकत पलीकडे गेला आणि शेजारी बसला.

"मला जमणार नाही, व्हिंको."

"सांगेन मी. समुद्राकडचा जुना रस्ता घे."

त्या रस्त्याने तो वीस वर्षं दर रविवारी सायकलने उतरला होता. मला पुढचं वळण दिसायच्या आधी तो सांगायचा. उजवं, लांबलचक, तिसऱ्या गिअरवरच राहा. आता आखूड, ब्रेक वळणाच्या आधी. इथे कडेला खडी असते. एकदाही चुकला नाही. माझे खांदे सैल झाले. एवढं मोठं धूड माझ्या हातात असं शहाण्यासारखं उतरतंय, हे मला स्वप्नात घडल्यासारखं वाटत होतं.

"आता कड्याचं टोक," तो म्हणाला. "इथून समुद्र. दिसतोय?"

मी वेग कमी केला. खाली सगळीकडे करडं धुकं साचलं होतं.

"मधोमध काहीच नाही," मी म्हणाले. "नुसतं करडं. कडेला तेवढे बंदरातल्या क्रेनचे शेंडे दिसतात."

त्याने पेपर वाचताना करायचा तशी मान तिरकी केली.

"मला रोज असंच दिसतं, नेवेन्का."

मी वेग आणखी कमी केला.

"पुढे डावं वळण आहे," तो म्हणाला. "दुसरा टाक."

मी दुसरा टाकला.