पांढरा पडलेला तांबडा दगड

मी एक जुना दगड आहे. दगड म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. ग्रीनलंडच्या नारसाक गावात मला हरणाचं रक्त म्हणतात. उन्हात मी गुलाबी दिसतो, आणि अतिनील दिव्याखाली धरलं की निखाऱ्यासारखा लाल पेटतो. एक वाईट खोड मात्र आहे मला. फार दिवस अंधारात कोंडलं की माझा रंग उडतो आणि मी पांढराफटक पडतो. ऊन मिळालं की रंग परत चढतो. एवढी एकच गोष्ट माझ्या मालकिणीला, एलियासिनाला, ठाऊक नव्हती, आणि त्यापायी एका भल्या माणसाच्या तोंडाला काळं फासलं जाणार होतं.

किती युगं मी डोंगरात पडून होतो कोण जाणे! एलियासिनाचं एनोकशी नुकतंच लग्न झालं होतं. चुकलेली मेंढी शोधत दोघं वर आली, आणि तिन्हीसांजेला एनोकनं खिशातला अतिनील दिवा सहज माझ्यावर धरला.

"अगं, इकडे ये! हे बघ काय पेटलंय!"

ती वाकली. माझ्या लाल अंगावर एका कडेनं नारिंगी रेघ चमकत होती. ती रेघ साध्या उजेडात कुणालाच दिसत नाही. एलियासिना सीलच्या कातड्याचे बूट शिवायची. ती म्हणाली, "कुणीतरी टाका घातलाय याला."

"मग तुझाच आहे तो," एनोक म्हणाला. त्यानं मला खिशात घातलं आणि खाली आणलं.

पुढं सारा जन्म मी त्यांच्या खिडकीत काढला. शेजारी जिरेनियमची कुंडी, समोर खाडीत तरंगणारे बर्फाचे डोंगर. येणारा जाणारा मला उचलून म्हणायचा, "काय रंग आहे!" मीही फुगून बसायचो. एनोक वारला त्यानंतर माझ्यावर धूळ साचली, पण ऊन काही कमी पडलं नाही. म्हणून एलियासिनानं मला पांढरा असा कधी पाहिलाच नव्हता.

नात निवी चर्चमध्ये दीक्षा घेण्याच्या वयाची झाली. त्या दिवशी तिच्या गळ्यात आजोबांचा दगड हवा, असं एलियासिनाच्या मनानं घेतलं. एनोकचा जिवलग मित्र अपोलुस दगड घडवायचा. तिनं मला त्याच्याकडे दिलं. त्यानं मला कापलं, घासलं, चांदीत बसवलं. अंगाची आग आग झाली, पण असा देखणा दिसायला लागलो म्हणून सांगू! मग त्यानं मला सीलच्या कातड्याच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंडच शिवून टाकलं.

"वहिनी, त्या दिवशीच उघडा हं. आधी डोकावलात तर बघा!"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे, भावोजी?"

आणि मी गेलो पेटीच्या तळाशी. सारा हिवाळा आत चडफडत होतो. काय होणार ते मला कळत होतं, पण दगडाला तोंड कुठं असतं?

दीक्षेच्या दिवशी घरी कॉफीचं आवतण होतं. सारं गाव येऊन जात होतं. मण्यांची रंगीत कॉलर घातलेली निवी मधोमध उभी. एलियासिनानं कौतुकानं टाके उसवले आणि मी तिच्या तळहातावर पडलो, खडूसारखा पांढरा.

"अगं बाई! हा कसला खडा?" शेजारीण बोलेथे म्हणाली. "तुमचा दगड त्या अपोलुसनं बोटीवरच्या पाहुण्यांना विकला बघा! काय, मित्र म्हणायचा का दुष्मन?"

तेवढ्यात पांढरा सणाचा अंगरखा घालून अपोलुस आला. टेबलाशी बसला. एलियासिनानं सगळ्यांना कॉफी ओतली, त्याच्यापुढं कपच ठेवला नाही. नारसाकमध्ये याहून मोठा अपमान नाही.

"वहिनी, कॉफी संपली की काय?"

"कॉफी आहे. माझा दगड कुठंय?"

तिनं मला पुढं केलं. मला बघून तो चक्क हसला, आणि तिथंच घोळ झाला.

"हसताय? एनोक गेला, आता कोण विचारणार, असं वाटलं होय?"

अपोलुसचं हसू मावळलं. त्यानं नाक आक्रसलं. आमच्याकडे 'नाही' म्हणायची हीच रीत. मला वाटलं, हा आता उठून जाणार आणि पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही.

"एनोकचा दिवा आहे ना? आणा," तो म्हणाला. "आणि एक घोंगडी."

निवी धावत दिवा घेऊन आली. भर दुपारी ती दोन म्हातारी माणसं घोंगडीखाली शिरली. बटण दाबलं, आणि मित्रांनो, मी असा पेटलो, असा पेटलो!

एका कडेनं नारिंगी रेघ होतीच. अपोलुसनं कापताना तेवढी जपली होती.

"माझा टाका," एलियासिना पुटपुटली, आणि तिला रडूच फुटलं.

"अहो, काय दिसतंय? आम्हालाही सांगा की!" बाहेरून बोलेथे ओरडत होती.

"भावोजी, चुकले हो मी. पण अंधारात रंग जातो, हे सांगायचं नाही का?"

"नारसाकात हेही सांगावं लागतं होय? चला बाहेर. गुदमरलो, आणि कॉफीही नाही!"

माझा जीव भांड्यात पडला. घोंगडी निघाली तेव्हा दिव्यानंच माझ्या गालावर थोडी लाली आणली होती. एलियासिनानं मला खिडकीत उन्हात ठेवलं आणि अपोलुसचा कप बशीत सांडेपर्यंत भरला. केक संपेस्तोवर मी पुरता गुलाबी झालो होतो, आणि मग निवीच्या गळ्यात गेलो.

मित्रांनो, एक विनवणी आहे. माझ्या जातीचा दगड तुमच्याकडे असेल तर त्याला पेटीत कोंडू नका, उन्हात ठेवा. आणि कधी पांढरा दिसलाच, तर कुणाला चोर म्हणण्याआधी थोडं ऊन दाखवून बघा.

निवी मला काढते तेव्हा मी जिरेनियमशेजारीच असतो. अपोलुस येतो आणि दारातूनच विचारतो, "काय वहिनी, आज रंग आहे ना?" एलियासिना आधी त्याच्यापुढं कप ठेवते, आणि मग माझ्याकडे बघते.