फक्त कामाचे अडथळे

काकांची बायको आजारी होती आणि हे टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं, एकट्या ताईंना सोडून. गंमत बघा, कोणाचं काय अडलंय हे रोज सकाळी विचारायचा पगार मिळायचा तो ताईंनाच.

टीम म्हणजे तरी केवढी, चार डोकी. एक ताई. दुसरे काका, वय त्रेपन्न, नाकासमोर चालणारा माणूस. ताईंपेक्षा बारा वर्षांनी मोठे, तरी तेही त्यांना ताईच म्हणायचे. मग एक चष्मिष, जी चष्मा कपाळावर चढवून तो टेबलावर शोधायची. आणि एक पैलवान, ज्याला वारा सुटला असताना एकट्याला बाहेर पाठवू नये असं चष्मिषचं मत होतं. ही चौघं शहराच्या पाणीखात्यासाठी एक अ‍ॅप बनवत होती. नळाला पाणी नाही, पाइप फुटला, मीटर बंद पडलं, की लोकांनी मोबाइलवरून तक्रार करायची आणि ती ज्याची त्याच्याकडे जायची.

काम चालायचं स्क्रम नावाच्या पद्धतीने. आता ही पद्धत सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पण घाबरू नका, त्यात डोकं खाण्यासारखं काही नाही. वर्षाचं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही. दोन आठवड्यांचा तुकडा पाडायचा, त्याला स्प्रिंट म्हणायचं. त्यात पेलेल तेवढंच घ्यायचं, आणि किती पेलेल हे साहेबाने नाही, करणाऱ्यांनी ठरवायचं. भिंतीवर बोर्ड, बोर्डावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं. एक काम, एक चिठ्ठी. चिठ्ठीवर ज्याचं काम त्याच्या रंगाचं चुंबक, काकांचं हिरवं. रोज साडेनऊला बोर्डापुढे पंधरा मिनिटं भेटायचं, तेही उभ्याउभ्या, कारण माणूस बसला की गप्पा हाणतो. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, काही अडथळा आहे का. अडथळा सांगितला की तो दूर करायची जबाबदारी ताईंची, कारण ताई स्क्रम मास्टर. नावात मास्टर आहे, पण हुकूम कोणावर चालत नाही. वाटेतले दगड उचलायचे, एवढंच काम.

आणि ते काम ताई जीव तोडून करायच्या, हे आधीच सांगितलेलं बरं. कोणाचा कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्तीवाल्याच्या मागे दिवसभर भुणभुण लावायच्या. पाणीखात्यातले लोक उत्तर देईनात तर थेट त्यांच्या दारात जाऊन बसायच्या. साहेबाने मधूनच एखादं जास्तीचं काम सरकवलं तर वाघिणीसारख्या आडव्या यायच्या. वाईट बाई नव्हती हो ती. बोर्ड खोटं बोलत नाही, असं त्या उठताबसता म्हणायच्या, आणि त्यांचा त्यावर खरोखरच विश्वास होता.

चूक झाली ती आठ महिने आधी, आणि एवढीशी झाली. एका सकाळी तिसऱ्या प्रश्नाला चष्मिष म्हणाली, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, माझं चित्त थाऱ्यावर नाही. ताईंनी घड्याळाकडे बघितलं. पंधरातली तेरा मिनिटं झाली होती. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ते आपण नंतर बोलू हं. इथे फक्त कामाचे अडथळे." मग दिवसभर मीटिंगा लागल्या आणि नंतर बोलायचं राहून गेलं. चष्मिषच्या आईचे डोळे बरे झाले. पण त्या दिवसापासून त्या बोर्डापुढे कोणी घरचं अवाक्षर काढलं नाही.

त्यामुळे काकूंचा रिपोर्ट आला तेव्हा काकांनी तो ताईंना दाखवलाच नाही. जेवणाच्या सुट्टीत पैलवान आणि चष्मिषच्या पुढे ठेवला. आजार वाईट होता, पुढे गेलेला होता, आणि डॉक्टरांनी फार तर दोन महिने सांगितले होते. काकूंना ही दोघंही ओळखत होती. एकदा त्या ऑफिसात आल्या होत्या आणि बोर्ड बघून म्हणाल्या होत्या, असला एक फळा घरी लावायला हवा, यांची कामं तीस वर्षं पहिल्याच रकान्यात पडून आहेत. पैलवान तेव्हा इतका हसला होता की त्याला ठसका लागला. आता तोच पैलवान रिपोर्ट हातात धरून मुळूमुळू रडायला लागला.

ताईंना सांगा, असं चष्मिष म्हणाली, पण तिच्याही बोलण्यात दम नव्हता. काका म्हणाले, नको. मागच्या वर्षी त्यांच्या वयाच्या दोघांना कंपनीने नारळ दिला होता. काकूंच्या उपचारांचा विमा कंपनीचा, म्हणजे नोकरी गेली की तोही गेला. हिरवी चुंबकं जागची हलेनात असं कोणाच्या डोळ्यावर आलं तर? आणि हलणार तरी कशी, कारण काकांना आताशा एक ओळ सुचत नव्हती. पडद्याकडे बघत बसायचे, आणि पडदा काळा झाला तरी बघतच बसायचे.

तेव्हा त्या दोघांनी ठरवलं. तुम्ही फक्त येऊन बसा काका, काम आम्ही बघतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मग सुरू झालं ते. सकाळी साडेनऊला काका बोर्डापुढे उभे राहायचे आणि चष्मिषने कागदावर लिहून दिलेलं म्हणायचे: काल तक्रारीचा फोटो जोडायचं काम केलं, आज पत्ता शोधायचं करणार, अडथळा नाही. मग खुर्चीत जाऊन बसायचे. जेवणाच्या सुट्टीत ती दोघं काकांच्या कॉम्प्युटरवर काकांचं काम उरकायची, डबे तसेच राहायचे. तिकडे काकूंना दवाखान्यात हलवलं. त्यांच्याजवळ त्यांची धाकटी बहीण बसायची. काका सहाला सुटले की धावत जायचे, आणि तोवर बहुतेक वेळा औषधाने काकूंना झोप लागलेली असायची.

पोरं तरुण, त्यात माया लावून काम केलेलं. स्प्रिंट संपला तेव्हा नेहमीपेक्षा जास्तच चिठ्ठ्या "झालं"मध्ये गेल्या होत्या. ताई हरखल्या. या पद्धतीत मागच्या वेळी जेवढं झालं त्यावरून पुढचं ठरवतात. म्हणजे पुढच्या दोन आठवड्यांत आणखी पेलेल, असं त्यांनी सरळ गणित मांडलं. कोण नाही म्हणणार? नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. ताईंनी काकांचं सगळ्यांदेखत कौतुकही केलं, की या वयात हा वेग म्हणजे कमाल आहे. काका खाली मान घालून चिठ्ठ्यांचे कोपरे सरळ करत राहिले. पोरांची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी झाली.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना डोळे नव्हते का? होते की. काकांचा शर्ट गळ्यात सैल झालेला त्यांनी बघितला होता. चष्मिष चिडचिडी झाली तेही बघितलं होतं. पण बोर्ड छान दिसत होता, आणि बोर्ड छान दिसत असला की माणसांकडे बघायची सवय मोडते.

दुसऱ्या स्प्रिंटचा शेवटचा दिवस. या दिवशी झालेलं काम ज्यांच्यासाठी केलं त्यांना चालवून दाखवायचं असतं, आणि ज्याचं काम त्यानेच दाखवायचं असा ताईंचा नियम. काकांच्या वाट्याला होतं ते असं: खात्याने तक्रार मिटली म्हणून बंद केली, पण नळाला पाणी आलंच नाही, तर माणसाला ती पुन्हा उघडता यावी. केलं होतं पैलवानने.

सकाळी सव्वानऊला मेहुणीचा फोन आला. भावोजी, आज कामावर थांबू नका, ती तुमचं नाव घेतेय. पैलवान शेजारीच होता, त्याने ऐकलं. निघा काका, असं तो म्हणाला, चष्मिषही म्हणाली. पण काकांनी विचार केला, आपण गेलो तर आपलं काम दाखवायला पैलवान उभा राहणार, त्याला सगळं तोंडपाठ कसं हे ताई विचारणार, आणि वीस दिवसांचं खोटं या पोरांच्या गळ्यात येणार. दहाला सुरू होईल, सव्वादहाला निघतो, असं ते म्हणाले. पाणीखात्याची माणसं उगवली पावणेअकराला.

काका उभे राहिले. बटण दाबून दाखवलं, तक्रार पुन्हा उघडली. खात्यातल्या एका साहेबांनी सहज विचारलं, एकच तक्रार तीनदा बंद केली गेली तर ती वरच्या माणसाकडे जाते का? काकांना माहीत नव्हतं. खिशात फोन थरथरत होता. ते पडद्याकडे बघत उभेच राहिले, आणि ताईंनी पुढे झुकून हळूच पण धारदार आवाजात म्हटलं, काका, लक्ष कुठे आहे तुमचं?

फोन थांबला. मग काकांनी तो बाहेर काढला, मेहुणीचा मेसेज वाचला, आणि पिशवी खांद्याला लावली.

ताई दारापर्यंत मागे गेल्या. आतल्या पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, काही अडचण आहे का?

"आता नाही," काका म्हणाले, आणि गेले.

पाहुणे गेल्यावर चष्मिषने सगळं सांगितलं. पहिल्यापासून, न रडता, एकेक दिवस. आईच्या ऑपरेशनच्या सकाळी ताई काय बोलल्या होत्या तेही सांगितलं. ताईंना ते आठवतही नव्हतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, पण ताईंच्या बाबतीत उजाडलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या बोर्डापुढे जाऊन उभ्या राहिल्या. अठरा चिठ्ठ्यांवर हिरवं चुंबक होतं आणि सगळ्याच्या सगळ्या "झालं"मध्ये होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंचं दिवसकार्य आटोपून काका दोन आठवड्यांनी परत आले. मधल्या काळात ताई कंपनीच्या साहेबांशी भांडून आल्या होत्या: काकांची नोकरी जाणार नाही, आणि पोरांवर कारवाई होणार नाही. भांडायला त्या पटाईत होत्याच. काकांनी वेळेवर सांगितलं असतं तर सुट्टीसाठीही अशाच भांडल्या असत्या, आणि मिळवलीही असती. हेच त्यांना रात्रंदिवस खात होतं.

स्प्रिंट संपला की एक शेवटची बैठक असते. काय बरं झालं, काय चुकलं, पुढे काय बदलायचं, हे कोणालाही दोष न देता बोलायचं. ती राहिली होती. काका आले त्या दुपारी चौघं त्या लहान खोलीत बसली. टेबलावर पाण्याचा जग आणि चार पेले.

ताईंनी आधी स्वतःचं सांगितलं. काही लपवलं नाही. "मी रोज विचारत होते, पण उत्तर द्यायची सोय मीच काढून घेतली होती," असं त्या म्हणाल्या. सकाळच्या पंधरा मिनिटांत यापुढे कोणी काहीही सांगेल, हे त्यांनी ठरवून टाकलं. मग पैलवान कसंबसं म्हणाला, की आम्हाला वाटलं आम्ही मदत करतोय काका. आणि काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

  मग काका बोलले ते चिडून नव्हे, एखादं गणित सुटत नसलं की माणूस शेजाऱ्याला विचारतो तसं.

"काम या दोघांनी केलं. चांगलं केलं, एकही चिठ्ठी मागे राहिली नाही. मी फक्त बसलो होतो. वीस दिवस, साडेनऊ ते सहा. तिकडे तिला तहान लागायची सारखी, चमच्याने पाणी पाजावं लागायचं. मेहुणी सांगते, ती दर वेळी विचारायची, हे कुठे आहेत? आणि मेहुणी सांगायची, त्यांना काम आहे."

त्यांनी ताईंकडे बघितलं. "मला काम नव्हतं हो, ताई."

चष्मिषने तोंड फिरवलं. ताईंना काहीतरी बोलायचं होतं, पण हुंदका आला आणि मग त्या आवरेनातच. वरिष्ठ बाई, पोरांसमोर, तोंडावर हात घेऊन ओक्साबोक्शी रडायला लागल्या.  काका उठले, पाण्याचा पेला भरला, आणि त्यांच्या हातात दिला.