चौदा नंबरचा माइक

“चौदा नंबर बंद ठेवायचा,” दौऱ्याचा मॅनेजर म्हणाला. “कार्यक्रमभर. माइक समोर दिसू दे, पण त्यातला आवाज बाहेर जायला नको.”

काकू साउंड डेस्कवरची धूळ पुसत होत्या. हातातलं फडकं थांबलं. चौदा नंबरखाली त्यांनी सकाळीच पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर ठसठशीत अक्षरांत ‘टॅम्बरिन’ असं लिहिलं होतं. बाकीच्या पट्ट्यांवर नुसतं ‘गि. १’, ‘गि. २’, ‘ड्रम’. कुणावर किती माया आहे ते अक्षरांवरूनच कळत होतं.

“बंद? मग टॅम्बरिन ऐकू कशी येणार?”

“एकवीस नंबरवरून. माझ्या लॅपटॉपमधून. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग आहे, एकदम स्वच्छ. बाई समोर वाजवतील, लोकांना रेकॉर्डिंग ऐकू येईल. त्यांच्या पायाशी जो छोटा स्पीकर आहे त्यात त्यांचा स्वतःचा आवाज सोडा, म्हणजे त्यांना काही कळणार नाही.”

“म्हणजे त्यांना सांगितलेलंच नाही?”

“उगाच कशाला? गायकाला माहीत आहे, तेवढं पुरे. बाई बासष्टच्या आहेत. एखाद्या वेळी मनगट अडलं, ठोका चुकला, तर अख्ख्या गाण्याचा विचका. या वयात भरवसा काय देणार?”

काकू सत्तावन्न वर्षांच्या होत्या. निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांनी फडक्याची नीट घडी केली आणि ती डेस्कच्या कोपऱ्यावर जरा आपटूनच ठेवली.

नऊशे खुर्च्यांच्या त्या सभागृहात काकू एकतीस वर्षं आवाजाचं काम करत होत्या. लग्नाच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत, तरी सभागृहातल्या लोकांनी त्यांना तिशीतच काकू करून टाकलं होतं. शेवटच्या रांगेमागे त्यांचं डेस्क. त्यावर बटणांच्या आणि फेडरच्या रांगा. फेडर वर सरकवला की आवाज वाढतो, खाली ओढला की मरतो. काकूंनी या बोटांनी मंत्र्यांची भाषणं झेपतील इतकी सुसह्य केली होती, बेसूर गायिकांना सांभाळून घेतलं होतं, आणि एवढ्या वर्षांत एकदाही चुकीचं बटण दाबलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता. नसायचं काही कारणही नव्हतं.

पण या कामाला त्या लागल्या कशा, त्याचं मूळ त्या टॅम्बरिनवाल्या बाईत होतं.

एकोणीस वर्षांच्या असताना त्या थोरल्या बहिणीबरोबर आज येणाऱ्या याच बँडचा कार्यक्रम बघायला गेल्या होत्या. स्टेजवर पाच दांडगे पुरुष, त्यांची गिटारं, ड्रमचा डोंगर, आणि त्यांच्यामध्ये चोवीस वर्षांची एक किडकिडीत मुलगी. हातात काय, तर पितळी चकत्या लावलेलं एक कडं. पोरगी कशी तरी उभी राहणार कोपऱ्यात, असंच सगळ्यांना वाटलं. आणि मग ती सुटली. तळहातावर, मांडीवर, कोपरावर, गुडघ्यावर. एकाच कड्यातून चार जणींचा आवाज काढत होती. कडं हवेत भिरकावायची, गिरकी घ्यायची आणि बरोबर ठोक्यावर झेलायची. पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, “ए, बस की आता!” तर ती तडक स्टेजच्या कडेला आली, त्याच्या नाकासमोर कडं धरून तिनं असा काही सणसणीत ताल धरला की तो बिचारा मान हलवायला लागला. काकू तोंडात बोटं घालून बघत राहिल्या होत्या.

पण खरा जीव जडला तो पाचव्या गाण्यात. मध्येच सगळी वाद्यं थांबली. नुसता बास गिटारचा एकेक सूर. ड्रमपाशी उभी असलेली ती मुलगी कडं डोक्यावर धरून पुढं चालायला लागली. अठरा पावलं. आणि त्या अठरा पावलांत एकही चकती किणकिणली नाही. हजार माणसं श्वास रोखून त्या कड्याकडे बघत होती. कडेला येऊन ती थांबली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि मग मांडीवर एकच फटका. सगळी वाद्यं एकदम कोसळली.

टॅम्बरिन वाजवता कुणालाही येते, ती गप्प ठेवता येत नाही, हे काकूंना घरी कळलं. त्यांनी एक विकत आणली आणि स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीपर्यंत चालायचा सराव सुरू केला. ताई खुर्चीत वह्या तपासत बसलेली असायची. मान वर न करता म्हणायची, “वाजली.” पुन्हा स्वयंपाकघरात. “वाजली.” तिसऱ्यांदा. “अगं, दारातच वाजली!” अडतीस वर्षांत काकूंना ते एकदाही जमलं नव्हतं. मग हा आवाज लोकांपर्यंत पोचवतं कोण, ही चौकशी करत करत त्या वायरींपर्यंत आणि सव्विसाव्या वर्षी या सभागृहापर्यंत आल्या. “मुलीच्या जातीनं शिडीवर चढून वायरी ओढायच्या?” असं वडील म्हणाले. काकू म्हणाल्या, “हो.” विषय संपला.

तेव्हापासून बँड या सभागृहात सात वेळा आला. सातही वेळा चौदा नंबरचा माइक काकूंनी स्वतः लावला. त्यांचं आणि बाईंचं बोलणं “जरा वर”, “जरा खाली”, “आता बरोबर” याच्या पलीकडं कधी गेलं नाही. काकूंना तेवढं पुरत होतं.

“पाचव्या गाण्याचं काय?” काकूंनी मॅनेजरला विचारलं.

“काय म्हणजे?”

“तुमच्या स्टुडिओच्या रेकॉर्डिंगमध्ये मधल्या भागात टॅम्बरिन चालू आहे. स्टेजवर तिथं बाई वाजवत नाहीत. कडं गप्प धरून चालत येतात. त्या गप्प असतील आणि तुमचा लॅपटॉप वाजत असेल. हसं होईल त्यांचं.”

मॅनेजर बँडपेक्षा वयानं लहान होता. त्यानं कार्यक्रम लॅपटॉपवर उभा केला होता, प्रत्यक्ष तिसऱ्यांदाच बघत होता. ते गाणं आजही यादीत पाचवंच होतं, पण या दौऱ्यात पहिल्यांदाच. क्षणभर तो गोंधळला, मग हसला.

“लोक कुठं एवढं लक्ष देतात हो काकू!”

“मी देते.”

“तुम्ही फेडर सांभाळा,” तो म्हणाला आणि गेला.

काकू तशाच उठून सभागृहाच्या व्यवस्थापकांकडे गेल्या. साहेब सज्जन होते, पण त्यांना कुणाशीच वाकडं घ्यायचं नसायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“काकू, कार्यक्रम त्यांचा आहे. त्यांनी कागदावर दिलंय तसं करायचं. आपलं काय जातंय?”

आपलं काय जातंय, हे साहेबांना समजावून सांगणं काकूंच्या जिवावर आलं. त्यांनी डबा उघडला, मिटला आणि घरी फोन लावला.

“मग? काय करणार आहेस?” सगळं ऐकून ताईनं विचारलं.

“काय करणार? साहेब म्हणतात तसं करते.”



“अडतीस वर्षं त्या बाईपायी माझं डोकं खाल्लंस,” ताई म्हणाली, “आणि आता म्हणतेस, करते?”

“नोकरी आहे ताई. आठ महिने राहिलेत.”

“बरं. जेवलीस का?”

“नाही.”

“जेव आधी. उपाशीपोटी माणूस भित्रं होतं.”

कार्यक्रम दुपारी चारचा. सभागृह भरलं. बरेचसे लोक पिकल्या केसांचे, काहींनी आपली तरुण मुलं आणलेली. बाई आल्या. केस आखूड, पांढरे. पायांत सपाट बूट. उजव्या मनगटाला पट्टा. पण स्टेजवर पाय ठेवला आणि तेच मान ताठ करून बघणं. काकूंनी बाहेर जाणारं चौदाचं बटण बंद केलं, बाईंचा आवाज फक्त त्यांच्या पायाशीच्या स्पीकरमध्ये ठेवला आणि एकवीसचा फेडर वर नेला.

पहिलं गाणं तसंच गेलं. बाई घाम गाळत होत्या आणि स्पीकरमधून भलत्याच दिवशीची, भलत्याच खोलीतली टॅम्बरिन गुळगुळीत वाजत होती. काकूंनी स्टेजकडे बघायचं टाळलं. आपण कुणाच्या तरी तोंडावर हात दाबून धरलाय, असं त्यांना सारखं वाटत होतं.

दुसऱ्या गाण्यात बाईंनी कडं हवेत भिरकावलं. उंच. चकत्यांवर दिव्यांचा उजेड चमकला. टाळ्या पडल्या. आणि कडं हवेत असताना, बाईंचे दोन्ही हात रिकामे असताना, स्पीकरमधून टॅम्बरिन छान वाजतच राहिली.

डेस्कच्या पुढ्यातल्या रांगेतला एक गृहस्थ बायकोकडे वळला. “अगं, बघ! हवेतसुद्धा वाजते!”

बायको खुदकन हसली. शेजारची दोघंही हसली.

काकूंची कानशिलं तापली. गृहस्थाचा राग नव्हताच. त्यानं जे दिसलं ते सांगितलं. हसलं गेलं ते त्या बाईला, जिनं आयुष्यात एक ठोका उसना घेतला नव्हता. आणि हसवणारं बोट काकूंचं होतं. गाणं संपलं. टाळ्यांच्या गजरात काकूंनी एकवीस बंद केला, चौदा उघडला आणि फेडर वर नेला. वर म्हणजे चांगलाच वर.

तिसऱ्या गाण्याला सभागृह जागं झालं. आवाज गुळगुळीत नव्हता. त्यात तळहाताची थाप होती, मांडीचा दणका होता, मध्येच एक दमदार हुंकार होता. पुढचे लोक उठून उभे राहिले. चौथ्या गाण्यात मनगट खरंच अडलं. एक ठोका केसभर मागं पडला. तो काकूंना ऐकू आला. चुकला तर चुकला, तिचा होता. बाईंनी दात विचकले आणि पुढच्या चार ठोक्यांत त्याची भरपाई केली.

पाचवं गाणं सुरू झालं तसा मॅनेजर स्टेजच्या बाजूनं अंधारातून धावत आला.

“एकवीस कुठाय?”

“बंद केला.”

“चालू करा! लगेच!”

“नाही करणार.”

त्यानं हात पुढं केला. काकूंनी आपला तळवा एकवीस नंबरवर ठेवला.

“हात लावायचा नाही. गाणी तुमची असतील, डेस्क माझं आहे.”

“काकू, तुमची नोकरी...”

पुढचं तो बोलू शकला नाही. कारण वाद्यं थांबली होती. बासचा एकेक सूर पडत होता, आणि बाई कडं डोक्यावर धरून चालायला लागल्या होत्या. बासष्ट वर्षांचे गुडघे, पट्टा बांधलेलं मनगट. काकूंनी चौदाचा फेडर पार वरच्या टोकाला नेला. आता नखाएवढी किणकिण झाली असती तरी नऊशे जणांना ऐकू आली असती. असा जुगार कुठलाही शहाणा साउंडवाला खेळत नाही. पण बाई गप्प आहेत, आणि स्वतःच्या हिमतीवर गप्प आहेत, हे लोकांना ऐकवायचं तर दुसरा रस्ता नव्हता.

दहा पावलं. बारा. कुणी खोकलं नाही. मॅनेजर तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा होता. ओरडायची त्याची प्राज्ञा नव्हती, सगळं सभागृह त्याच्याकडे वळलं असतं. सोळा. सतरा. अठरा. काकूंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत, हात डेस्कवर होते. काकूंनी फेडर जागेवर आणला आणि बाईंनी मांडीवर फटका मारला.

लोकांनी छत डोक्यावर घेतलं.

साडेसहाला सभागृह रिकामं झालं. काकू स्टेजवर वायरी गुंडाळत होत्या. बाई पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि त्यांच्याजवळ थांबल्या.

“पहिल्या दोन गाण्यांत माझा आवाज विचित्र येत होता का हो? पायाशी बरोबर होता, पण समोरच्या भिंतीवरून परत यायचा तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत बाई पहिल्यांदाच त्यांच्याशी एवढं लांब वाक्य बोलल्या होत्या. खरं सांगायचं तोंडावर आलं होतं. पण आपल्याच माणसांनी आपल्याला मुकं केलं होतं, हे या बाईनं आज घरी न्यावं, असं काकूंना वाटेना.

“माझीच चूक,” त्या म्हणाल्या. “वायर नीट बसली नव्हती. माझ्या उशिरा लक्षात आलं.”

“होतं असं,” बाई म्हणाल्या. “नंतर मात्र झकास. अगदी मी वाजवते तसा.”

आणि त्या निघून गेल्या.

साहेबांच्या खोलीत मॅनेजर आधीच येऊन आगपाखड करून गेला होता. साहेबांनी काकूंना बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि कोरा कागद पुढं सरकवला.

“त्यांनी लेखी तक्रार दिलीय काकू. मला काहीतरी खुलासा जोडावा लागेल. दोन ओळी लिहा. गर्दीत चुकून भलतं बटण दाबलं गेलं, म्हणून. मी वर सांभाळून घेतो. चूक कुणाकडूनही होते.”

“आणि तसं नाही लिहिलं तर?”

साहेबांनी चष्मा काढला. “मग डेस्कवर ठेवता नाही येणार. आठ महिने खाली तिकीट खिडकीवर बसावं लागेल. कशाला हट्ट करता? दोनच ओळी आहेत.”

काकूंनी कागद जवळ ओढला. साहेबांचं पेन नीट चालेना, म्हणून त्यांनी पर्समधून पट्ट्यांवर लिहायचं आपलं जाड पेन काढलं आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं:

‘बटण चुकून दाबलं गेलेलं नाही. मी मुद्दाम दाबलं. बाई स्वतः वाजवत होत्या.’

खाली सही केली, तारीख घातली आणि खिडकीवर किती वाजता हजर व्हायचं असतं, ते साहेबांना विचारलं.