कठड्याचे चार फूट

शिवलीलाचं पत्र चार महिने माझ्या शब्दकोशात पडून होतं. ती माझी जुनी विद्यार्थिनी. आता कलबुर्गीत भूशास्त्राच्या प्राध्यापकांना शिकवते: आकडे, गणित, संगणकाची साधनं, सगळं खुलं ठेवा, म्हणजे कुणालाही तेच काम पुन्हा करून तपासता येईल. तिनं लिहिलं होतं, 'सर, दुबलगुंडी गावच्या विहिरींचा तुमचा अहवाल वर्गात घेतला. दुसऱ्या वर्षी पाणी कुठून मोजलंत, ते त्यात नाही. मधल्या काळात विहिरींना कठडे बांधलेत.'

उत्तर मला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी दोर जमिनीपासून सोडला, दुसऱ्या वर्षी नव्या कठड्यावरून. चार फुटांचा कठडा वजा करायचा राहिला. पाणी चार फूट उतरलं, वरच्या आळीतल्या हावगेप्पाच्या बोअरनं ओढलं, असं मी छापलं. त्या कागदाच्या जोरावर खालच्या आळीनं त्याची मोटार दोनदा फोडली.

शेवटी ती वर्ग घेऊन विहिरी मोजायलाच आली. मलाही बोलावलं. मोजणीची मूळ वही पिशवीत घालून मी गेलो.

खालच्या आळीचा निंगप्पा पहार घेऊन उभा होता. "सरांनी लिवलंय न्हवं अक्का? मग कामून मोजायलीस? तुज्या डबड्यात पाणी हाय व्हय?"

लोक हसले.

"डबड्यात न्हाई अण्णा, विहिरीत हाय. उतरलंच न्हाई."

त्यानं तिच्या हातातला लॅपटॉप हिसकून विहिरीत फेकला. हावगेप्पा मध्ये पडला. पहार त्याच्या जबड्यावर बसली. दोन दात कठड्यावर सांडले. शिवलीला धावली, तर कुणीतरी तिला केसांना धरून दगडावर आपटलं. तिच्या कपाळातून रक्त डोळ्यांत उतरलं.

पहार उगारूनच निंगप्पा माझ्याकडे वळला. "सर, तुमीच सांगा! ह्यानंच पाणी वडलंय का न्हाई?"

वहीची पिशवी काखेत होती. मी म्हणालो, "पाहून... सांगतो."

पुढचा घाव हावगेप्पाच्या गुडघ्यावर पडला. तो आवाज अजून कानात आहे.

हावगेप्पा बीदरच्या दवाखान्यात आहे. जबडा तारेनं बांधलाय. मी भेटायला गेलो, पण दारातूनच परतलो. घरी येऊन चार ओळी लिहिल्या.

'शिवलीला, कठड्यावरून मोजलं. वजा केलं नाही. मूळ वही सोबत आहे. वर्गात दाखव, पोलिसांना दे, निंगप्पाला वाचून दाखव. माझं नाव झाकू नकोस.'

टपाल कचेरीत रजिस्टर केलं. पावती हातात आली, तेव्हा पाकीट खिडकीपलीकडे गेलं होतं.