हवेत गेलेले ठोसे

मी उजवा ग्लोव्ह बोलतोय. बॉक्सिंगचा, लाल रंगाचा. आता लाल म्हणायचं ते केवळ सवयीनं. माझा जोडीदार डावाही इथेच आहे, याच खिळ्याला लटकलेला, पण त्याला बोलायला लावू नका. त्याची हयात बसून गेली. सगळी कामं माझ्यावर पडली.

प्रेमाची गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. ज्या माणसांत मी राहिलो त्यांनी एकमेकांना गोड शब्द दिला नाही, मग मला कुठून देणार?

कारखान्यात एका बाईनं मला आधी उलटं शिवलं आणि मग पोटात लोखंडी सळई ढोसून सुलटं केलं. आत फोम ठासला, लाकडी हातावर चढवलं आणि आकार यावा म्हणून हातोडीनं बडवून काढलं. जन्मल्या जन्मल्या मार. म्हटलं, चला, निदान धंदा तरी कळला.

मला विकत घेतलं सरांनी. सर म्हणजे एका जुन्या गोदामात बॉक्सिंग शिकवणारे गृहस्थ. मान अशी नाहीच, खांदे थेट कानांपासून सुरू, नाक कधीकाळी मोडलेलं ते तसंच जुळलेलं. त्यांनी मला आपल्या मुलीच्या हातात चढवलं, मनगटाची लेस आवळली आणि म्हणाले, "ठोक."

तिनं समोरची लटकती बॅग ठोकली. छताचा पत्रा थरथरला. सर हसले. त्यांना हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

पोरगी बुटकी, रुंद, पाय खांबासारखे. गोदामात सगळे तिला रणगाडा म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. सरांची शिकवणी एका शब्दाची होती. "पुढे! पुढे! पाऊल मागे गेलं तर आज घरी जेवायला येऊ नकोस." हे ते गंमत म्हणून बोलत नसत. एकदा ती खरोखर उपाशी झोपली, आणि सकाळी येऊन तिनं तो राग माझ्याकरवी बॅगेवर काढला.

डाव्या हातानं समोरच्याला सतत टोचायचं असतं, अंतर जोखायचं असतं. सरांच्या लेखी ते चिल्लर काम. म्हणून डावा राहिला नवाकोरा आणि मी झिजलो. मला नाकं माहीत झाली, जबडे माहीत झाले. समोर येणाऱ्या पोरी एक तर भिऊन दोरांना पाठ लावायच्या, नाहीतर इरेला पेटून जागेवरच भिडायच्या. दोन्ही आमच्या सोयीच्या. रणगाडा नुसती चालत जायची आणि मी माझं काम करायचो.

याच गोदामात भिंगरी शिकायला होती. काटकुळी, लांब हातांची, एका जागी उभं राहणं जमतच नसे तिला. रणगाडा तिच्यावर धावून जायची तेव्हा ती बाजूला सरकलेली असायची, जाता जाता नाकावर एक टिचकी मारून.

सरांच्या डोक्यात तिडीक जायची. एके दिवशी त्यांनी शिट्टी फेकून मारली. "हा नाच बंद कर! लढायला आलीस की पळायला?"

"सर, मला लागलं नाही ना?" भिंगरी म्हणाली. "आणि तिला लागलंय."

सरांनी तिची पिशवी उचलली आणि दारातून रस्त्यावर भिरकावली. कपडे, बूट, पाण्याची बाटली चिखलात. "पळपुटी!" रणगाडा मागून ओरडली आणि खदाखदा हसली. भिंगरीनं एकेक वस्तू गोळा केली, बूट एकमेकांवर आपटून चिखल झाडला आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "भेटू."

ती भेट संघनिवडीच्या अंतिम लढतीत झाली. जिंकेल तिची निवड, हरेल तिला वर्षभर थांबणं.

"पहिल्या फेरीत पळेल, दुसऱ्या फेरीत दमेल, तिसऱ्या फेरीत सापडेल," लेस बांधताना सर मुलीला म्हणाले. "सापडली की सोडू नकोस. माझ्या तोंडावर बोललीय ती."

घंटा वाजली आणि आम्ही निघालो. मी सुटलो तो थेट त्या चेहऱ्याकडे, आणि चेहरा तिथे नव्हता. पुन्हा सुटलो. पुन्हा हवा. गालावर आदळलं की गाल मला थांबवतो आणि खांद्याला उसंत मिळते. हवा थांबवत नाही. ठोसा वाया गेला की मालकिणीचं सगळं अंग माझ्यामागे फरफटत यायचं, पाय अडखळायचे, आणि ती सावरेपर्यंत भिंगरीचा डावा हात तिच्या डोळ्याखाली टचकन वाजलेला असायचा.

"इकडे आहे मी," भिंगरी हळूच म्हणायची. दर वेळी वेगळ्या बाजूनं.

प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. रणगाडा चवताळली, आणि ती चवताळली की सगळ्यांना आधीच कळायचं ती काय करणार. मधल्या विश्रांतीत सरांनी तिच्या तोंडावर पाणी फेकलं. ओतलं नाही, फेकलं.

"मार ना! आंधळी आहेस का?"

"ती असते तिथेच मारते, बाबा. मी पोचेपर्यंत ती नसते."

"मग जोरात मार!"

तिसऱ्या फेरीत सापडली कोण? आम्हीच. हात खाली आले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला, आणि पळपुटी पळायची थांबून आमच्यासमोर उभी राहिली. तिनं जे मारलं ते मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. सगळ्या पंचांनी तिच्याच बाजूनं कौल दिला.

घरी आम्हाला कोपऱ्यात टाकलं होतं; जेवताना सर भिंतीकडे बघून बोलले, "नाचणाऱ्या पोरीकडून हरली. लोकांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाही."

आईनं वाटी ताटात आदळली. "अहो, शिव्या तर त्या भिंगरीला किती दिवस घालताय. तिच्यापासून शिकलात काय ते सांगा." सर ताटावरून उठले. मुलगी जेवत राहिली. तिचा एक डोळा मिटला होता आणि दुसरा बापाच्या पाठीवर होता.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही एका फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात गेलो. भिंगरी तिथे सराव करायची. तिनं दोरीवरच्या उड्या थांबवल्या नाहीत.

"बापानं पाठवलं?"

"त्यांना माहीत नाही. मला शिकायचंय."

"मी तुला शिकवणार नाही. तू हसली होतीस." दोरी फटफटत राहिली. "पण पुढच्या स्पर्धेत माझ्यापुढे तुझ्यासारखीच एक धटिंगण आहे. सरावाला कुणीतरी लागेल. मार खायचा असेल तर ये."

रणगाडा रोज गेली. मैत्री झाली नाही. पाण्याची बाटलीसुद्धा दोघींनी एकमेकींना दिली नाही. मार मात्र पोटभर खाल्ला, आणि खाता खाता तिचं डोकं चालायला लागलं. भिंगरी कुठे आहे ते बघायचं तिनं सोडलं. कुठे निघालीय ते बघू लागली. मागे धावायच्या ऐवजी एक पाऊल आडवं टाकून वाट अडवू लागली. हुकलं तरी फरफटत जाईनाशी झाली. आणि डाव्याला, त्या जन्माच्या ऐतखाऊला, अखेर कामाला लावलं. टोच, टोच, टोच. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी तिनं भिंगरीला असंच आडवं येत येत कोपऱ्यात नेलं. भिंगरी निसटायला वळली आणि डावा तिच्या बरगडीखाली बसला. ती खाली बसली, तोंड उघडं, आवाज नाही.

श्वास परत आल्यावर तिनं विचारलं, "समजलं?"

"समजलं."

"मग उद्यापासून येऊ नकोस. आता तू मला परवडणारी नाहीस."

गोदामात सरांना ही पावलं लपणार कशी? त्यांनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं. "ही नाटकं कुणाकडून शिकलीस?"

तिनं सांगून टाकलं. नाव घेऊन, तळघराच्या पत्त्यासकट.

सरांचा चेहरा काळानिळा झाला. त्यांनी खिळ्यावरचे आपले जुने ग्लोव्ह चढवले आणि दोरांमधून वाकून रिंगमध्ये आले. "चल. बघू तुझा नाच."

"बाबा, नको."

ते आलेच. मान खाली, खांदे पुढे, तिला ज्या चालीनं त्यांनी चालायला शिकवलं त्याच चालीनं. पहिला ठोसा खरा होता. बाप मुलीला दटावण्यापुरता मारतो तसा नव्हता. लागला असता तर जबडा गेला असता. ती सरकली. दुसरा आला, ती सरकली. मी तिच्या हनुवटीपाशी तयार होतो. तिनं मला एकदाही सोडलं नाही.

"उभी राहा!" सर गरजले.

"नाही राहणार, बाबा."

"उभी राहा म्हणतो ना!"

त्यांनी सगळी ताकद एकवटून हात फिरवला. समोर कुणीच नव्हतं. ते तसेच पुढे गेले, गुडघ्यावर पडले, दोर हातात आला म्हणून तोंडावर आपटले नाहीत. छातीचा भाता नुसता वर-खाली होत होता. गोदामात कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

तिनं दातांनी लेस सोडली, आम्हा दोघांना रिंगच्या कडेला ठेवलं आणि बापाला हात न देता निघून गेली. त्याच आठवड्यात तिनं घरही सोडलं.

वर्षानं दोघी पुन्हा अंतिम लढतीत समोरासमोर आल्या. रणगाडा थोडक्यात जिंकली. पंचांचं एकमत नव्हतं. दोघींनी नियमापुरता हात लावला आणि पाठी फिरवल्या. आईनं जाऊन लढत बघितली आणि परतताना गोदामात डोकावून सरांना निकाल सांगितला.

सर लादी पुसत होते. "कशी जिंकली?"

"पळणारीला अडवून. तुम्ही यायचं होतंत."

"मला नाच बघायचा नाही," सर म्हणाले, आणि आई गेल्यावर त्यांनी मला खिळ्यावरून ओढलं. त्यांचा पंजा माझ्यात मावत नाही. त्यांनी तो तसाच कोंबला आणि बॅगेला असा काही ठोसा हाणला की माझी अंगठ्याची शिवण उसवली.

तेव्हापासून हे रोज चाललंय. फोम बाहेर आलाय, चामडं तडकलंय, आणि सर मुलीचं नाव न घेता "पळपुटी, पळपुटी" म्हणत बॅगेला बडवतात. बॅग बिचारी साखळीला टांगलेली, जाणार कुठे? मीही त्यांच्या हातात अडकलेला. आमचं आयुष्य असंच संपणार, त्याची दया नको. तुम्हाला एवढंच मागणं आहे: कधी या माणसासमोर उभं राहायची वेळ आली, तर उभे राहू नका. सरका.